पहिल्यांदाच डबलबारीला जाताय? मग आधी हे वाचून घ्या

मी मूळचा घाटावरचा, साताऱ्याकडचा. नोकरीने कुडाळात आणून टाकलं त्याला आता सहा वर्षं झाली. पहिल्या हिवाळ्यात ऑफिसातली पोरं म्हणाली, शनिवारी डबलबारी आहे, येतोस काय? मला वाटलं भजन म्हणजे काय असणार, चार म्हातारे टाळ कुटत बसतील, आपण तासाभरात प्रसाद घेऊन घरी. तर घरी पोचलो पहाटे पावणेपाचला. घसा बसलेला, एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्या पायात कुणाची तरी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे अख्ख्या रात्रीत ज्या एका ओळीवर मंडपातली चार-पाचशे माणसं उसळली ती ओळ मला कळलीच नाही. सगळे एकमेकांच्या पाठीवर थापा मारतायत आणि मी मधे बसून उगाच दात काढतोय.

ती ओळ काय होती ते पुढे येईल. पण तेव्हापासून बाहेरून आलेलं कुणीही, बदलीवाले, शिकायला आलेली पोरं, मे महिन्यात नवऱ्याच्या किंवा बायकोच्या गावी पहिल्यांदा आलेली मंडळी, मला विचारतं तेव्हा मी हेच सगळं सांगत बसतो. म्हटलं एकदा लिहूनच काढू.

डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवा आणि त्यांची दोन मंडळं, एकाच रात्री, आळीपाळीने. एकाची बारी म्हणजे पाळी संपली की दुसऱ्याची. नुसतं आपापलं गाऊन उठायचं नाही, पहिल्याने टाकलेल्या प्रश्नाला दुसऱ्याने गाण्यातून उत्तर द्यायचं, वर उलटा टोला हाणायचा. बोर्डावर लिहिलेलंच असतं, 'डबलबारी भजनाचा जंगी सामना'. आणि सामना म्हणजे खरंच सामना असतो बरं का.

१. आधी बोर्ड नीट वाचा

सिंधुदुर्गात एस्टी स्टँडपासून पानपट्टीपर्यंत बॅनर लागलेले असतात आणि आता व्हॉट्सअपवर पण फिरतात. बॅनरवर दोन बुवांचे फोटो, मधे 'विरुद्ध', खाली मंडळाचं नाव, ते बहुतेक वेळा अमुक अमुक प्रासादिक भजन मंडळ असंच असतं, मग गुरूंचं नाव, पखवाज कोण, तबला कोण, झांज कोण. नवीन माणूस फोटो बघून पुढे जातो. तसं करू नका. पखवाजवाल्याचं नाव वाचा आणि ऑफिसात किंवा चहाच्या टपरीवर विचारा, हा कसा आहे? नाव ऐकून समोरच्याचे डोळे चमकले तर डोळे मिटून जा, कारण बुवा थोडा कमी पडला तरी पखवाज रात्र तारून नेतो.

दुसरं, कुठला कार्यक्रम आहे ते समजून घ्या. दशावतार वेगळा, ते नाटक. रत्नागिरीकडे शक्ती-तुरा म्हणून सामना असतो, त्यात पण सवाल-जवाब असतात पण ती जाखडी, तिथे गोल धरून नाचतात. 'तिरंगी' लिहिलं असेल तर तीन बुवा. 'ट्वेंटी-ट्वेंटी' लिहिलं असेल तर आटोपशीर मामला, आणि खरं सांगायचं तर माझ्या मते पहिल्या वेळेला त्याला जाऊ नका, मसाला सगळा असतो पण मुरायला वेळच मिळत नाही.

सीझन म्हणाल तर त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास जत्रा सुरू झाल्या की पाऊस पडेपर्यंत. त्यात माघी गणेश जयंती आणि मे महिना म्हणजे नुसता धुरळा, मेमध्ये चाकरमानी आलेले असतात, वाडीची सत्यनारायणाची पूजा असते आणि पूजेच्या रात्री डबलबारी. पावसात मुंबईला असाल तर तिथे पण होते, दादर-परळकडे नाट्यगृहात तिकीट लावून. गिरणगावातल्या चाळींमध्ये कोकणातल्या गिरणी कामगारांनीच भजनं जागती ठेवली, त्यामुळे मुंबईचा प्रेक्षक पण कच्चा नसतो. पण माझं ऐकाल तर पहिली डबलबारी गावात, देवळासमोर, मंडपातच बघा. गावात तिकीट नसतं.

२. तारीख आणि वाडी दोनदा विचारा

इथे मी स्वतः आपटलोय.

कोकणात एका गावात दहा-बारा वाड्या असतात आणि नावं सगळीकडे तीच. देऊळवाडी, गावडेवाडी, भंडारवाडी, बौद्धवाडी, तेलीवाडी. मोबाईलवर नुसतं 'देऊळवाडी' टाकलंत तर तो तुम्हाला कुठल्यातरी देऊळवाडीत नेतोच, तुमच्या देऊळवाडीत नेईल असं नाही. दुसऱ्या वर्षी मी फार शहाणा झालो होतो, म्हटलं मीच लोकेशन टाकतो, दोन गाड्या, पाच जण, माझ्या मागे. अर्ध्या तासाने एका अंगणात जाऊन थांबलो तर पुढे काळोख, कुत्री भुंकतायत, आणि एक आजोबा कंदीलासारखी बॅटरी घेऊन बाहेर आले. म्हणाले, "ती देऊळवाडी वेगळी, ही वेगळी. तुमका व्हयी ती व्हाळाच्या पलतडी." व्हाळ म्हणजे ओढा. पलीकडे लाईट दिसत होती, पखवाजाचा आवाज पण येत होता, पण मधे साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, नव्हता, मागे फिरून नऊ किलोमीटर. त्या दिवसापासून ग्रुपमध्ये माझं नाव 'पलतडी'.

तर गाव, वाडी, देवळाचं नाव आणि जवळचा एस्टीचा थांबा, चारही गोष्टी विचारून ठेवा. तिथे नेटवर्क गेलं तर कुणाला तरी विचारता आलं पाहिजे.

तारखेचा घोळ वेगळाच. जत्रा तिथीवर असते आणि लोक बोलताना वारावर बोलतात. 'शुक्रवारची जत्रा' म्हणजे शुक्रवार रात्र उजाडता शनिवार. कार्यक्रम रात्री बाराच्या पुढे सुरू होणार असेल तर बॅनरवरची तारीख पूजेची आहे की मध्यरात्रीनंतरची ते फोन करून विचारा. बॅनरच्या तळाशी नंबर असतो, लाजू नका, उचलणारा माणूस उलट खूश होतो.

३. सोबत कोण

चार ते सहा जण बरे. त्यापेक्षा जास्त झाले की कुणीतरी सतत हरवलेलं असतं.

त्यात एक तरी अस्सल मालवणी पाहिजेच पाहिजे, आणि नुसता मालवणी नको, भजनाचा नाद असलेला. टोले अर्धे प्रमाण मराठीत असतात, अर्धे मालवणीत, आणि काही तर गावापुरतेच, म्हणजे गेल्या वर्षी कुठल्या बुवाचा आवाज कुठे बसला होता वगैरे. हे कानात सांगणारं कुणी नसेल तर तुम्ही परदेशी.

एक जण गाडी चालवणारा असा हवा ज्याने दुपारी तीन तास झोप काढलीय. 'मला काय नाय होत' म्हणणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका. आणि पिण्याचं म्हणाल तर कार्यक्रम देवळाच्या आवारात असतो, झिंगलेल्या पाहुण्याला गाववाले हसत हसत पण नक्की बाहेर काढतात आणि ज्याने तुम्हाला आणलं त्याची मान खाली जाते. गोव्याकडून येणाऱ्या मित्रांनो, परमिट नसताना डिकीत बाटल्या आणू नका, इन्सुलीला चेकनाका आहे, सामना तिथेच संपेल.

बाया-मुली बिनधास्त येतात, मंडपात अर्धी गर्दी त्यांचीच असते. फक्त बाथरूमची सोय आधी बघून ठेवा. देवळाजवळच्या घरात जाऊन नीट विचारलं तर नाही म्हणणारं घर मला अजून भेटलं नाही, वर चहा विचारतात.

४. काय काय घ्यायचं

- बसायला चटई किंवा जुनी चादर, आणि तिच्याखाली प्लास्टिक. डिसेंबर-जानेवारीत दव असं पडतं की मध्यरात्रीनंतर खालून थंडी चढते.
- शाल, कानटोपी. कोकणात कसली थंडी म्हणून मी हाफ शर्टवर गेलो होतो, दोन वाजता एका अनोळखी काकांच्या घोंगडीत अर्धा शिरून बसलो होतो.
- बॅटरी. मोबाईलची नको, वेगळी. गाडी लावलेली असते शेतात, वाटेत बांध, गडगे म्हणजे दगडी कुंपणं, आणि कधीकधी जनावर, म्हणजे साप.
- सुट्टे पैसे. दहा, वीस, पन्नासच्या नोटा. गर्दीत नेटवर्क मेलेलं असतं आणि भजीवाल्याचा स्कॅनर नुसता शोभेला.
- पाण्याची बाटली, डासांचं मलम, पॉवर बँक.
- लायसन, गाडीचे पेपर, हेल्मेट. पेट्रोल संध्याकाळीच भरा, आतल्या गावात रात्री पंप उघडा सापडेल या भरवशावर राहू नका.
- चपलेसाठी एक पिशवी. हसू नका. मंडपाच्या तोंडाशी तीनशे चपला असतात आणि त्यातल्या दोनशे काळ्या. चप्पल पिशवीत, पिशवी मांडीखाली.

५. वेळेवर पोचा, म्हणजे खरंच वेळेवर

बॅनरवर लिहिलेलं असतं 'रात्रौ ठीक ९ वाजता'. त्या 'ठीक'ला काही अर्थ नसतो हे सगळ्यांना माहीत असतं, आणि फसतो माणूस तो इथेच. पहिल्या वर्षी मी साडेआठला तयार होऊन बसलो तर मित्र म्हणाला, "कित्याक घाई करतस? अजून थंय कुत्रो पण इलो नसतलो. जेवन निवांत जावया." जेवलो, गप्पा मारल्या, निघालो, पोचलो साडेअकराला. पहिल्या बुवाची बारी संपत आलेली. आता पहिल्या बारीतच तो बुवा गजरातून, म्हणजे बारीच्या शेवटच्या चढत्या लयीच्या गाण्यातून, प्रश्न टाकतो, आणि पुढची अख्खी रात्र त्या एका प्रश्नाभोवती फिरते. तो प्रश्न आमचा हुकला.

आमच्या त्या रात्रीचा प्रश्न नंतर कळला. लंकेला जायचा सेतू बांधताना वानरांनी टाकलेले दगड रामनामाने तरंगले, मग खुद्द रामाने आपल्या हाताने टाकलेला दगड बुडाला तो का? दुसऱ्या बुवाने दीड तास ताणलं. अभंग झाला, गौळण झाली, इकडचं तिकडचं गायलं, लोक चुळबुळ करायला लागले, आणि मग गजराच्या ऐन भरात पेटीवरचा हात उचलून समोरच्या बुवाकडे बोट करून म्हणाला, ज्याला रामानेच हातातून सोडला तो तरणार कसा, आणि बुवा, तुमच्या गुरूने तुमचा हात कधी सोडला? झालं. मंडप उसळला. माझ्या शेजारचा माणूस माझा खांदा हलवून सांगतोय, "रामान सोडल्यान म्हणान बुडलो, रामान सोडल्यान म्हणान!" आणि मला राम पण माहीत, सेतू पण माहीत, पण प्रश्नच ऐकला नव्हता तर उत्तराला काय हसणार?

म्हणून सांगतो, नऊ लिहिलंय तर साडेनऊला चटईवर बसलेले असा. अर्धा तास फुकट गेला तर जाऊ दे, त्यात बघण्यासारखं खूप असतं. मंडळाची गाडी येते, पोरं पेट्या उतरवतात, बुवा कोपऱ्यात गळ्याला मफलर लावून गरम पाणी पीत असतो आणि समोरच्या बुवाला वाकून नमस्कार पण करतो, जो अजून तासाभराने त्याची सालटी काढणार असतो.

अजून एक. लाऊडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे, आणि सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवसच रात्री १२ पर्यंत सूट देता येते. त्यामुळे काही मंडळं हल्ली संध्याकाळीच सुरू करून लवकर आटपतात, काही ठिकाणी आवाज मंडपापुरता ठेवतात. जुन्या लोकांच्या सांगण्यावरून 'रात्रभर असतंच' असं धरून गेलात तर लोक सतरंज्या गुंडाळताना भेटतील.

६. देवळात आणि मंडपात

आधी देवाला जा. बाहेरूनच, गाभाऱ्यात घुसायचं नाही, आणि देवळाचे जे काही नियम असतील ते निमूट पाळायचे. सुरुवातीला कुणीतरी मानकरी गाऱ्हाणं घालतो, बा देवा म्हाराजा म्हणून, आणि प्रत्येक वाक्याला सगळे मिळून "व्हय म्हाराजा" म्हणतात. तुम्ही पण म्हणा. पहिल्यांदा मी दोन सेकंद उशिरा एकटाच ओरडलो होतो, चालतं, कुणी मनावर घेत नाही, पुढच्या रांगेतल्या एका आजींनी तेवढं मागे वळून बघितलं.

पुढच्या खुर्च्या मानकऱ्यांच्या आणि म्हाताऱ्यांच्या. तुम्ही बसा पखवाज ज्या बाजूला आहे त्या बाजूला, चार-पाच रांगा सोडून, आणि बॉक्सच्या, म्हणजे स्पीकरच्या, समोर अजिबात नाही. बॉक्ससमोर जागा रिकामी दिसते तिचं कारण असतं. लहान पोर सोबत असेल तर अजून मागे. कुणी "बस हंय, आमच्यावांगडा" म्हणून चटई सरकवली तर बसा, तीच सगळ्यात चांगली जागा असते कारण ते लोक रात्रभर तुम्हाला समजावून सांगतात.

७. बारी ऐकायची कशी

आता खरा भाग.

सुरू व्हायच्या आधी पखवाजवाल्याकडे बघा. ताटलीत कणीक घेऊन तो मळत बसलेला असतो, पोळीसाठी मळतात त्यापेक्षा सैल. त्याचा गोळा पखवाजाच्या डाव्या तोंडावर, धुमेवर, थापून गोल पसरतो, एक थाप मारतो, कान देतो, बोटाने थोडी कणीक काढतो, परत थाप. मग छोटी हातोडी घेऊन उजव्या बाजूचे गठ्ठे ठोकत बुवाच्या पेटीच्या पट्टीला लावतो. ही कणीक वाळली की धुमेचा आवाज पातळ होतो, म्हणून मधेच ओलं बोट फिरवताना दिसेल. माझा एक मित्र स्वतः पखवाज वाजवतो, तो म्हणतो कणीक बघून मी सांगतो की हा माणूस आज कसा वाजवणार. ते मला अजून जमत नाही.

बुवा मधे बसतो आणि पेटी स्वतःच वाजवतो. तबला, झांज, आणि चकी, म्हणजे चकत्या बसवलेलं छोटंसं वाद्य. मागे कोरस. कोरसकडे दुर्लक्ष करू नका, बुवाने ओळ टाकल्यावर ती उचलून परत फेकायचं काम त्यांचं, आणि ती जर ढिली पडली तर बुवा कितीही तापला तरी रंगत नाही.

क्रम साधारण असा. आधी नामस्मरण, स्तवन. मग रूपावली, म्हणजे देवाच्या रूपाचं वर्णन. मग अभंग, मग गौळण, आणि शेवटी गजर. एक बारी तास-दीड तास जाते.

रूपावलीला नवीन लोक मोबाईल काढतात, कारण संथ असतं. काढू नका. बुवाचा आवाज आज लागलाय की नाही ते इथेच कळतं, पुढे गजराच्या दणक्यात सगळे आवाज चांगलेच वाटतात. अभंगात ठेका ओळखायला सोपा, आठ मात्रांचा भजनी ठेका, दोन मिनिटं मांडीवर बोटं वाजवलीत की सापडतो. तो सापडला की पखवाजवाला कुठे मोडतोड करून परत समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, येतो ते कळायला लागतं आणि मग तुमची पण मान आपोआप पडते. माझी पहिल्यांदा पडली तेव्हा शेजारचा म्हणाला, "घाटी सुधारलो." यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला ऑफिसात सहा वर्षांत मिळालं नाही.

गौळणीत थट्टामस्करी, कृष्ण आणि गवळणी, इथे बुवा जरा नाटक पण करतो.

आणि मग गजर. चाल बहुतेक ओळखीची असते, सिनेमातली किंवा गाजलेल्या भावगीताची, शब्द मात्र बुवाचे. चाल ओळखली म्हणून फिस्कन हसू नका, अर्धा मंडप शब्द ऐकत असतो. सुरुवात सावकाश, मग तीच ओळ परत, परत, लय चढत जाते, झांज तोडते, कोरसवाले गुडघ्यावर येतात, पखवाजवाल्याचा हात दिसेनासा होतो, आणि एका जागी सगळं खटकन थांबतं. त्या थांबलेल्या सेकंदात प्रश्न पडतो किंवा टोला पडतो. कान तिथे ठेवा. लय चढली की लघवीला उठणारे, त्यांना मी हात जोडतो.

प्रश्न पुराणातला असतो, रामायण, महाभारत, संतचरित्र. पहिल्या बारीवाल्याला प्रश्न टाकायचा फायदा, दुसऱ्याला शेवटचं बोलायचा. कुठला बरा यावर इथे लोक वर्षानुवर्षं भांडतात. मला स्वतःला दुसरी बारी कठीण वाटते, कारण तयारी करून आलेलं सगळं बाजूला ठेवून तिथल्या तिथे शब्द जुळवायचे, तेही चालीत.

टोले कधी फार वैयक्तिक जातात, आवाजावर, अंगावर, गुरूवर. पहिल्यांदा ऐकून वाटेल आता मारामारी होते की काय. नाही होत. पण खरं सांगू तर काही ठिकाणी हल्ली टोलेच जास्त आणि भजन कमी झालंय, दोन-दोन तास नुसती उणीदुणी, आणि जुने लोक तिथून उठून जातात. मी पण उठतो.

शूटिंग करायचं असेल तर बसून करा, उभं राहून नाही, मागून कुणीतरी खडा मारतं. आणि अख्खी बारी कुठे टाकायची असेल तर मंडळाला विचारा, बऱ्याचदा त्यांचं आपलं लाईव्ह चालू असतं.

८. बक्षिसाची भानगड

गाणं आवडलं की लोक पैसे पाठवतात आणि माईकवरून नाव पुकारलं जातं, 'बुवांच्या गायनावर खूश होऊन अमुक यांच्याकडून १०१ रुपये'. तुम्हाला पण हात शिवशिवणार. द्या, ५१ पण चालतात, कुणी कमी-जास्त बघत नाही. नाव मात्र चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून द्या, तोंडी सांगू नका. माझं आडनाव पहिल्या वेळी माईकवर असं काही उच्चारलं की दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याच नावाने चहा आला.

यातली खरी गोम वेगळी आहे. एकाच बुवाला दिलेत तर तुम्ही त्याच्या पार्टीचे झालात. समोरचा बुवा त्याच्या बारीत तुमच्यावर एखादी ओळ टाकणार, नक्की टाकणार. पाहुणे असाल तर दोघांना सारखे द्या, आणि पखवाजवाल्यांना वेगळे. आणि पुकारा चालू गाण्याच्या मधे करायला लावू नका, बारी संपल्यावर द्या.

९. पोटाचं

दोन बाऱ्यांच्या मधे उठा, आत्ताच, कारण नंतर उठता येत नाही. कांदाभजी, वडे, चहा. जत्रा असेल तर मालवणी खाजं आणि खडखडे लाडू घ्या, पण दातांची काळजी असेल तर लाडू घरी नेऊन फोडा. भरपेट जेवून येऊ नका, दीड वाजता रूपावली लागली की डोळे मिटतात.

१०. कोण जिंकलं हे बोलू नका

परीक्षक बहुतेक नसतो. निकाल लोकच लावतात, चहाच्या टपरीवर, आणि तिथे तुम्हाला हमखास कुणीतरी विचारणार, "तुका काय वाटता, कोण जिकलो?" विचारणारा कुठल्या गावचा, कुठल्या बुवाचा, हे कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मी सांगतो ते उत्तर पाठ करा: पखवाज मस्त झाला. पखवाज दोन्ही बाजूंचा होता, त्यामुळे कुणालाच राग येत नाही.

११. परतताना

शेवटची एस्टी केव्हाच गेलेली असते आणि पहिली उजाडल्यावर. गाडी असेल तरी गर्दीतून सगळे एकदम निघतात, शेताडीतून गाड्या काढताना एकमेकांना घासतात, म्हणून पंधरा-वीस मिनिटं थांबा. आतल्या रस्त्यांवर गवे येतात. काळोखात नुसते डोळे चमकले तर हॉर्न मारू नका, लाईट खाली करून थांबा, एक गेला म्हणजे मागे अजून असतात. कोल्हापूरकडे जायचं असेल तर त्याच रात्री फोंडा किंवा करूळ घाट चढायचा हट्ट नको, जागरण झालेल्या डोळ्यांना वळणं दिसत नाहीत. आम्ही सरळ देवळाच्या ओवरीत तासभर आडवे होतो.

तिथे पडल्या पडल्या गेल्या वर्षी बघितलं. मंडप रिकामा, पोरं सतरंज्या झटकतायत, दोन्ही बुवा एकाच बाकड्यावर बसून एकाच किटलीतला चहा पितायत. पखवाजवाला पायरीवर बसून धुमेवरची वाळलेली कणीक नखाने सोडवत होता. सगळी निघाल्यावर त्याने ती हातात चुरली आणि खाली बसलेल्या कुत्र्यापुढे टाकली. कुत्र्याने वास घेतला, खाल्ली नाही. "ह्येका पण काल रूपावली आवडूक नाय," त्यातला एक बुवा म्हणाला, आणि या वेळी मी सगळ्यांच्या आधी हसलो.